जुन्या गाडीचं इंजिन ऑइल पुन्हा पुन्हा गळतंय? नवं पॅकिंग आणण्याआधी ब्रिदर बघा

होळी झाल्यावर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं. मृगाच्या तोंडावर पुन्हा गळायला लागलं, पुन्हा बदललं. पोळ्याच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. दर वेळी पहिले आठ-दहा दिवस इंजिन कोरडं ठणठणीत, आणि मग एका सकाळी अंगणात गाडीखाली तोच काळा डाग. चौथ्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा ओट्यावर बसलेले काकाजी म्हणाले, "काहून बापा, पुन्हा खोलून राह्यला का?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर नंतर सापडलं, आणि ते पॅकिंगमध्ये नव्हतंच. ज्यांची जुनी गाडी असं वारंवार ऑइल टाकते त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी १९९७ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. हेच इंजिन जुन्या ओम्नीतही असतं, त्यामुळे ओम्नीवाल्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. गाडी रोज वावरापर्यंत चार किलोमीटर जाते, आठवड्यातून एकदा बाजाराला, आणि महिन्यातून एक-दोनदा यवतमाळला. हे मुद्दाम सांगतो, कारण गाडी कशी चालते यावर गळतीचं निम्मं निदान अवलंबून असतं.

आधी नेमकं काय गळतंय ते ठरवा

खाली पडलेला प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. बोटावर घेऊन बघा. इंजिन ऑइल चार महिने चाललेलं असेल तर काळं आणि बुळबुळीत असतं. गिअर ऑइल जाडसर, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट हिरवं किंवा लाल आणि पाण्यासारखं पातळ. ब्रेक ऑइल पातळ, आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. ब्रेक ऑइल दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते काम करा, तोवर गाडी चालवू नका.

दुसरी गोष्ट, डाग जिथे पडतो तिथूनच गळतं असं समजू नका. ऑइल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, पंख्याच्या आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकाला येऊन टपकतं. गाडी उभी असताना चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) मागच्या कोपऱ्यात थेंब दिसला म्हणून चेंबर खोललं, असं मी दोन जणांच्या बाबतीत बघितलं आहे. दोन्ही गाड्यांत ऑइल वरच्या टॅपेट कव्हरमधून येत होतं.

म्हणून आधी इंजिन धुवा. थंड इंजिनावर ब्रशने डिझेल लावून मळ सोडवायचा, फडक्याने पुसून घ्यायचा आणि मग साबणाच्या पाण्याने. कार्बोरेटर, डिल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि अल्टरनेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. उन्हात पूर्ण वाळू द्या, डिझेलचा वास राहिला असेल तर स्टार्ट करू नका. वाळलं की संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर हलक्या हाताने भुरभुरायची. मग गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणायची आणि टॉर्चने बघायचं. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली रेघ अगदी स्पष्ट उमटते, आणि ती रेघ वर जिथे संपते तिथे गळतीचं तोंड. पंख्याच्या अगदी समोर पावडर टिकत नाही, तिथे पुसून हात लावून बघावं लागतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे रोज तो त्याच जागी बसेल आणि थेंब कुठून कुठे सरकला ते कळेल. सोबत डिपस्टिकचा, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीचा, हिशोब एका वहीत लिहा. माझ्या गाडीचा पुठ्ठा रात्रीतून दहा-बारा थेंब दाखवायचा. वीसेक थेंब म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर. त्या हिशोबाने महिन्याला वीस मिलिलिटरही जायला नको होतं. पण वही सांगत होती की पाचशे किलोमीटरमागे जवळपास अर्धा लिटर टाकावं लागतं. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, म्हणजे जळत नाही. मग गेलं कुठे?

गाडी चालू असताना गेलं. हा फरक मला फार उशिरा कळला. उभ्या गाडीत गळणारं ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. चालू गाडीत ते ढकललं जातं. उभ्या गाडीत थोडं आणि चालू गाडीत खूप गळत असेल, तर मागे कुणीतरी जोर लावतंय असं समजावं.

तो जोर कुठून येतो

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतोच. नव्या गाडीत कमी, जुन्या गाडीत जास्त. तो बाहेर जावा म्हणून टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. तीच ब्रिदरची नळी. काही मॉडेलांत आणखी एक बारीक नळी मॅनिफोल्डकडे जाते आणि तिच्यात छोटा वॉल्व असतो, त्याला पीसीव्ही म्हणतात. ही वाट बंद झाली की इंजिनाच्या पोटात हवा कोंडते, आणि जो जोड सगळ्यात कच्चा त्यातून ऑइलला बाहेर ढकलते. बहुतेक वेळा तो जोड म्हणजे टॅपेटचं पॅकिंग. तुम्ही ते नवं टाकता, ते आठ दिवस दम धरतं, मग पुन्हा सैल होतं, नाहीतर त्याऐवजी दुसरा जोड सुटतो. तिसऱ्या वेळी माझ्या गाडीत डिल्कोजवळूनही ओलावा दिसायला लागला होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हे मला सांगितलं गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने. कारचं काम तो करत नाही. नांगर जोडायला आला होता, बॉनेट उघडं दिसलं म्हणून डोकावला. त्याने पॅकिंगकडे पाहिलंच नाही. डिपस्टिक बोटाने दाबली. ती पाव इंच वर आलेली होती, आणि तिच्या नळीच्या तोंडाशी ऑइल साचलेलं. "भाऊ, इंजिनाले दम घेता येत नाही, तं थे पॅकिंगातूनच काढन नं," तो म्हणाला. ट्रॅक्टरला ब्रिदर बाहेरच असतो, धुळीच्या दिवसांत तो चोंदतो आणि सीलमधून ऑइल येतं, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं.

ब्रिदरची परीक्षा सोपी आहे. इंजिन चांगलं तापवा, निदान वीस मिनिटं चालवून. आयडलवर ठेवा आणि ऑइल टाकायचं झाकण फिरवून हळूच उचला. पूर्ण काढू नका. या इंजिनात कॅमशाफ्ट वरच असतो, ऑइल उडतं, आणि ते गरम असतं. झाकणाखालून हलकी वाफ येणं चालतं. फुस्सकन हवा सुटली आणि मग इंजिनाचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला, तर वाट बंद आहे. डिपस्टिक आपोआप वर येणं ही याचीच दुसरी खूण.

आणि हे थंड इंजिनावर करू नका. मी आधी थंडच बघितलं होतं. ब्रिदरची नळी काढून तोंडाने फुंकली, हवा आरपार गेली, म्हणून ठीक आहे असं ठरवून टाकलं. पुढचे सहा महिने त्यात गेले.

माझ्या गाडीत काय निघालं

मिस्त्री गेल्यावर गाडी वावरापर्यंत दोनदा फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच, फडकं धरून, नळी चाचपली. एअर फिल्टरच्या डब्याखाली जिथे ती वळते तिथे ती पापडासारखी चपटी झाली होती. दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या. गार झाल्यावर तासाभराने पाहिली तर पुन्हा गोल. ती मुळात गाडीची नळीच नव्हती. फवारणीच्या पंपाची प्लास्टिकची नळी होती, कापसावर मारायला वापरतो ती. आधीची तडकली असेल, तेव्हा कुणीतरी हाताशी होती ती कापून बसवली असेल. आकार बरोबर बसतो, थंड असताना कडक वाटते, वरून काळी पडलेली, त्यामुळे ओळखू येत नाही. पण इंजिनाच्या उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने ती मऊ पडते आणि वरच्या डब्याच्या वजनाने दबते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतात, बॉनेटखालचं तर विचारूच नका. पॅकिंग बदलल्यावर आठ-दहा दिवस बरं का जायचं तेही मग वहीतून कळलं. नवं पॅकिंग टाकल्यावर मी जपून, फक्त वावरापर्यंत गाडी न्यायचो. चार किलोमीटरमध्ये नळी दबण्याइतकं तापतच नव्हतं. यवतमाळची एक फेरी झाली की दुसऱ्या दिवशी डाग.

नवी नळी ऑइल सोसणाऱ्या रबराची घ्या. दुकानात "ब्रिदरची नळी" म्हटलं की देतात, जुन्या गाडीचं मॉडेल सांगा. मला १६० रुपयांत मिळाली. पाण्याची नळी, ठिबकची नळी, गॅसची नळी, काहीही बसवू नका. घरात पडलेली आहे म्हणून मन होतं, पण नको.

नळी बदलताना कव्हरवरचं तिचं तोंडही साफ करा. आत पत्र्याचा आडोसा असतो, त्यात काळा गाळ बसतो. छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे जास्त होतं, कारण ऑइल पुरेसं तापत नाही, ज्वलनातून आलेलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलशी घुसळलं जातं. झाकणाच्या आतल्या बाजूला खव्यासारखा पिवळट थर दिसला तर तो हाच. मात्र असाच थर हेड गॅस्केट गेल्यावरही येतो, म्हणून रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते तपासा. पाणी कमी होत नसेल आणि थर फक्त झाकणाला असेल तर आठवड्यातून एक लांब फेरी मारा, जातो.

पीसीव्ही वॉल्व असलेल्या गाडीत तो काढून कानाजवळ हलवा. खडखडला पाहिजे. नाही खडखडला तर बदला, धुऊन फार दिवस चालत नाही.

आता पॅकिंग, आणि ते नीट

ब्रिदर मोकळा झाला तरी दमलेलं पॅकिंग बदलावंच लागतं. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा डबा काढताना प्रत्येक नळीला चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा लिहा, कार्बोरेटरच्या नळ्या एकसारख्या दिसतात. डबा निघाला की कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मग १० नंबरची गोटी (सॉकेट पाना) घेऊन कव्हरचे बोल्ट थोडे थोडे सैल करत काढा. कव्हर चिकटलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा कायमची गळती देऊन जातो. हातोडीच्या लाकडी दांड्याने बाजूने टिचक्या मारा, सुटतं.

माझं जुनं पॅकिंग हातात घेतलं तर वाळलेल्या पऱ्हाटीसारखं कटकन मोडलं. ते सहाच आठवड्यांपूर्वी टाकलेलं होतं, म्हणजे मालही हलका होता. चांगलं पॅकिंग नखाने दाबलं तर दबतं आणि परत वर येतं. दुकानातच दाबून बघा.

दोन्ही तोंडं बांबूच्या कमचीने खरवडा. लोखंडी पातं नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याची रेती आत पडते आणि बेअरिंग खाते. शेवटचा हात पेट्रोलने ओल्या फडक्याचा, आसपास बिडी-काडी नको. तोंडं इतकी कोरडी हवीत की बोट फिरवलं तर सरकायला नको. कव्हर एका सपाट काचेवर पालथं ठेवून बघा. काठाखालून कागद सरकत असेल तर काठ वाकला आहे. पत्र्याचं कव्हर असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करता येतं. आदल्या कुणी बोल्ट जोर लावून आवळले की बोल्टच्या आजूबाजूला पत्रा खाली दबतो आणि मधे वर उचलला जातो, मग कितीही नवं पॅकिंग टाका.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. ॲनाबॉन्ड (नळीत मिळणारा सीलंट) फक्त कोपऱ्यांत, जिथे दोन भागांचा जोड येतो तिथे, मुगाच्या दाण्याएवढं. आपल्याकडे सगळीकडे अख्ख्या काठाला जाड वळी ओढायची पद्धत पडली आहे आणि मला ती खरंच धोकादायक वाटते. दाबल्यावर जितकं बाहेर येतं तितकंच आतही येतं. आतलं सुटून चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसलं की ऑइल वर चढत नाही, आणि इंजिन जाम होतं. गळणारं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, पण ऑइल न मिळालेलं इंजिन काही मिनिटांत संपतं.

बोल्टखालचे रबरी वॉशर नवे टाका. कुणी सांगत नाही, दुकानदारही देत नाही, मागून घ्यावे लागतात. वॉशर कडक झाला की बोल्टच्या बाजूनेच ऑइल वर येतं आणि दोष पॅकिंगला जातो. बोल्ट आधी सगळे हाताने बसवा, मग मधल्यापासून सुरुवात करून समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत. लांब दांडा वापरू नका. गोटी मनगटाच्या जोरावर फिरवा, रबर दबल्याचं जाणवलं की थांबा. एकदा गरम करून गार झाल्यावर परत एक हात फिरवा. चुडी (बोल्टचे आटे) गेली तर एवढ्याशा बोल्टसाठी हेड उतरवायची वेळ येते.

गिअरबॉक्स खोलायच्या आधी

या इंजिनात डिल्को हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याची ओ-रिंग किंवा घराचं पॅकिंग गेलं की ऑइल सरळ गिअरबॉक्स जिथे जोडला आहे त्या घेरावर उतरतं आणि खालून बघणाऱ्याला वाटतं, मागचं क्रँक सील गेलं. एका गॅरेजवाल्याने मला हेच सांगून गिअरबॉक्स उतरवायचा खर्च काढून दिला होता. वरून पावडर मारल्यावर रेघ डिल्कोपाशी निघाली. पन्नास रुपयांच्या आतलं काम. फक्त डिल्को काढण्याआधी त्याच्या घरावर आणि हेडवर मिळून एक खूण ओरखडा, आतला रोटर कुठे तोंड करून आहे त्याचा फोटो काढून ठेवा आणि मधे इंजिन फिरवू नका. नाहीतर टायमिंग हलतं आणि गाडी सुरूच होत नाही.

याशिवाय ऑइल प्रेशरचा स्विच बघा, तारेच्या मुळाशी ओला असेल तर बदला. फिल्टर बदलल्यावर अचानक जोरात गळायला लागलं तर जुन्या फिल्टरचं रबर तिथेच चिकटून राहिलेलं असतं आणि त्यावर नवं बसलेलं असतं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. टायमिंग बेल्टच्या बाजूने ऑइल येत असेल तर ते काम ज्याला बेल्ट लावता येतो त्याच्याकडूनच करून घ्या, ऑइलने भिजलेला बेल्टही सोबत बदला.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक डोळ्यादेखत खचतो, उन्हाळ्यात भेगांच्या कडा तुटतात. मी जॅकखाली जुन्या बंडीची जाड फळी टाकतो, दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावतो, मागच्या चाकांना दगड, आणि घरात कुणीतरी असेल तेव्हाच खाली जातो. गळकं ऑइल एक्झॉस्टवर पडून धूर येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका, तो धूर पेट घेऊ शकतो. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या. विहिरीच्या वा बोअरच्या आसपास ओतू नका. काम झालं की हात साबणाने चोळून धुवा, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही.

जाड ऑइल टाकलं तर थांबेल का, असं बरेच जण विचारतात. थोडं मंदावेल, थांबणार नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडमध्येच राहा. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका. "गळतंच आहे, थोडं जास्त टाकू" म्हणून मीही भरायचो. जास्तीचं ऑइल क्रँकने घुसळलं जातं, फेस होतो, आणि गळती वाढते. गळती बंद करणाऱ्या बाटल्या जुन्या सीलचं रबर फुगवतात, काही दिवस बरं वाटतं. हवा कोंडलेल्या इंजिनात त्यांचा काही उपयोग नाही.

हे सगळं केल्यावरही, ब्रिदर मोकळा असून झाकणाखालून फुसफुस येतच असेल आणि एअर फिल्टरचा कागद ऑइलने भिजत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंगवर पैसे घालू नका, कॉम्प्रेशन मोजून घ्या.

नवी नळी टाकून मला आता चौदा महिने झाले. मधे यवतमाळच्या फेऱ्या झाल्या, भर मे महिन्यात नागपूरलाही जाऊन आलो. पुठ्ठा अजून गाडीखालीच आहे. त्यावर तीन थेंब आहेत, तिन्ही ड्रेन बोल्टचे, वॉशर आणायचा आहे. यवतमाळहून आलो की बॉनेट उघडून फडक्याने ती नळी एकदा दाबून बघतो, गरम असतानाच.